मुरुमांचे वण : नामभेद आणि उपायभेद

१

मुरूम बरे झाल्यानंतर चेहऱ्यावर मागे राहणाऱ्या खुणांसंबंधी मराठीत सर्वसाधारणपणे एकच प्रश्न विचारला जातो : ‘मुरुमांचे डाग कशाने जातील?’ व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्याला उत्तर देता येत नाही. त्यातील ‘डाग’ हे नाम निदान सहा भिन्न वस्तूंना लावले जाते, आणि ‘जाणे’ हे क्रियापद त्यांपैकी फार तर दोहोंच्या बाबतीत खरे ठरते. ज्या प्रश्नातील नाम संदिग्ध आणि क्रियापद अतिव्याप्त, त्याचे उत्तर म्हणून बाजारात जे मिळते ते चुकीचे निघाले तर नवल नाही.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तेव्हा कोणी कोणता उपचार घ्यावा हे सांगण्याचा अधिकार त्यास नाही, व तसा या लेखाचा हेतूही नाही. परंतु या विषयात वर्गीकरण आणि चिकित्सा यांचा संबंध इतका निकटचा आहे की, वस्तूचे नाव अचूक पडले म्हणजे उपायाची निवड निम्मी झाली असे त्वचारोगतज्ज्ञांच्या लेखनावरून दिसते. नाव आणि वस्तू यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे उदाहरण पाहण्याजोगे आहे. शिवाय या पत्रिकेच्या वाचकांपैकी पुष्कळ जण विशी-पंचविशीतील विद्यार्थी आहेत. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. त्यात पैसा, वेळ आणि प्रसंगी त्वचेचे कायमचे नुकसानही गुंतलेले असते.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘डाग’ हा शब्द फारसी ‘दाग’ याच्याशी जोडला जातो. कापडावर पडतो तो डाग, फळावर असतो तो डाग, आणि चारित्र्याला लागतो तोही डागच. या सर्व प्रयोगांत मुख्य कल्पना रंगभेदाची आहे. पृष्ठभागाच्या उंची-खोलीची नाही. ‘वण’ या शब्दाचे तसे नाही. तो संस्कृत ‘व्रण’ या शब्दाचा प्राकृतातून आलेला तद्भव होय. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे प्रत्यक्ष जखम किंवा क्षत. मराठीत त्याचा तद्भव जखम भरून आल्यावर मागे राहणाऱ्या खुणेस लागू झाला. अर्थ कारणाकडून कार्याकडे सरकल्याचे हे चांगले उदाहरण आहे. ‘देवीचे व्रण’ या प्रयोगात तर तत्सम शब्दानेही तद्भवाचाच अर्थ धारण केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली देवीच्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तरी त्या खुणांची स्मृती भाषेत अद्याप टिकून आहे.

तिसरा शब्द ‘वांग’. संस्कृत ‘व्यंग’ या शब्दापासून आलेला हा शब्द चेहऱ्यावरील काळपट छटेसाठी वापरला जातो. वांग म्हणजे वर्णातील बदल. त्यास खोली नसते. आपल्या आजीच्या पिढीने वांगाला वण किंवा वणाला वांग म्हटले नसते. म्हणजे रंगाची खूण आणि पातळीची खूण हा भेद मराठीस मुळीच अपरिचित नव्हता. अलीकडच्या जाहिरातींच्या भाषेने तो पुसून टाकून सर्वांस मिळून ‘डाग’ हे एकच नाव दिले. एका नावाखाली एकच मलम विकणे सोयीचे असते, हे उघड आहे.

हा भेद आपल्याकडील जुन्या शास्त्रग्रंथांतही दिसतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी तरुणांच्या मुखावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पिटिकांचे वर्णन असून त्यांना मुखदूषिका असे नाव दिले आहे. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत खोलगट व्रण भरून आणणारे ‘उत्सादन’, उंच वाढलेले मांस खाली बसविणारे ‘अवसादन’, पांढुरक्या जागेस वर्ण आणणारे ‘कृष्णकर्म’ आणि काळसर जागा उजळ करणारे ‘पांडुकर्म’ असे चार उपक्रम वेगवेगळे मोजलेले आढळतात. सुश्रुताने ते सामान्य व्रणासंबंधी सांगितले आहेत, मुरुमांच्या वणांसंबंधी नव्हे. आणि त्यातील औषधयोजना आज लागू आहे असेही येथे सुचवावयाचे नाही. लक्षात घ्यावयाचे ते वर्गीकरणाचे तत्त्व : खोल, उंच, गडद आणि फिकट या चार अवस्थांचे उपाय चार. आजचे त्वचाविज्ञान सर्वस्वी निराळ्या मार्गाने याच तत्त्वाशी येऊन पोहोचले आहे.

३

वण पडतो कसा, हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाने तिचा स्राव वाढतो, मुखाशी मृत पेशींचा बूच बसतो, आणि कोंडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जंतूंची वाढ होते. (२०१६ पर्यंत हा जंतू प्रोपिओनिबॅक्टेरियम या गणात धरला जात असे.) शरीर त्याला प्रतिकार करते व तेथे दाह उत्पन्न होतो. दाह वरवरचा असला तर पुटकुळी येऊन जाते. परंतु तैलकूपाची भिंत फुटून दाह खाली अंतस्त्वचेत पसरला, तर तेथील कोलॅजनच्या तंतूंचा नाश होतो. त्वचेला आधार देणारे जाळे ते हेच.

यानंतर शरीर दुरुस्तीस लागते. दुरुस्ती तुटपुंजी झाली की पृष्ठभाग खचतो व खोलगट वण राहतो. दुरुस्ती प्रमाणाबाहेर झाली की उंचवटा राहतो. चेहऱ्यावरील मुरुमांच्या वणांपैकी बहुसंख्य पहिल्या प्रकारचे असतात. दाह किती तीव्र होता आणि किती दिवस रेंगाळला, यावर वणाची खोली बव्हंशी अवलंबून असते.

यावरून पहिला व्यावहारिक निष्कर्ष निघतो : वणावरील सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मुरुमांवर वेळीच केलेला उपचार. ‘वय झाले की आपोआप जातील’ हे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे मुरुमांपुरते पुष्कळदा खरे ठरते. परंतु मुरूम जातात तेव्हा वण मागे ठेवून जातात, हे त्या वाक्यात सांगावयाचे राहून जाते. मोठ्या, दुखऱ्या, गाठीसारख्या मुरुमांवर १९८२ पासून आयसोट्रेटिनॉइन हे प्रभावी औषध उपलब्ध आहे. ते केवळ वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असते, आणि गर्भावस्थेत ते घेतल्यास गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात, म्हणून स्त्रियांच्या बाबतीत त्याची योजना कडक नियमांनीच करतात. सौम्य व मध्यम मुरुमांसाठी ॲडापलीन व बेंझॉइल पेरॉक्साइड यांचे मलम वापरतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या एका अर्ध्यावर हे मलम आणि दुसऱ्या अर्ध्यावर औषधाविना नुसता लेप अशी २४ आठवडे योजना केली असता, औषध लावलेल्या बाजूस खोलगट वण कमी आढळले. मुरूम नखाने फोडणे हे मात्र दाह आत ढकलणारे कृत्य असून त्याने वणांची संख्या वाढते.

४

आता खुणांचे प्रकार आणि त्यांचे उपाय क्रमाने पाहू. पहिला वर्ग वर्णाच्या खुणांचा. मुरूम बसल्यावर काही काळ तेथे लालसर ठिपका राहतो; तो विस्तारलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमुळे असतो. सावळ्या त्वचेत त्याऐवजी किंवा त्याच्या पाठोपाठ तपकिरी-काळपट ठिपका दिसतो. दाहामुळे मेलॅनिन या रंजकद्रव्याची निर्मिती वाढल्याचा तो परिणाम होय. हे दोन्ही ठिपके शास्त्रीय अर्थाने वण नव्हेत. डोळे मिटून बोट फिरविले असता ते जाणवत नाहीत, ही त्यांची सोपी परीक्षा.

या खुणा काही महिन्यांत, क्वचित वर्ष-दीड वर्षात, आपोआप निवळतात. ‘जाणे’ हे क्रियापद खरे ठरते ते येथेच. निवळण्याची गती वाढविण्यासाठी उन्हापासून संरक्षण देणारे मलम रोज लावणे हा पाया असून, त्याच्या जोडीला रेटिनॉइड वर्गातील मलमे, अझेलेइक आम्ल व सौम्य रासायनिक लेप यांचा उपयोग करतात. हायड्रोक्विनोनसारखी औषधे ठरावीक मुदतीसाठी व देखरेखीखालीच वापरावयाची असतात. लालसर ठिपके फारच रेंगाळले तर रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारे विशिष्ट लेसर उपयोगी पडते.

याच ठिकाणी एक धोक्याची सूचना देणे भाग आहे. ‘गोरेपणा’ किंवा ‘डागनाशक’ म्हणून हातोहाती दिल्या जाणाऱ्या मिश्र मलमांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. त्याने प्रारंभी चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पण पुढे त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या उठून दिसू लागतात, लव वाढते आणि नव्याने मुरूम येतात. मलम थांबविताच चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, व त्या भीतीने मनुष्य ते पुन्हा लावू लागतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांचा समावेश चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांत केला, त्यामागे हेच कारण होते. मुरुमांच्या काळ्या ठिपक्यांसाठी घेतलेले मलम मुरुमांचेच कारण व्हावे, हा नाममात्र सादृश्यावर विसंबण्याचा परिणाम होय.

५

दुसरा वर्ग खोलगट वणांचा. २००१ साली जेकब, डोव्हर व कॅमिनर या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांचे तीन प्रकार केले, आणि पुढे तेच वर्गीकरण सर्वत्र रूढ झाले. त्यांनी दिलेली नावे त्यांच्या देशातील नित्याच्या वस्तूंवरून घेतलेली आहेत. ‘आइस पिक’ म्हणजे बर्फ फोडण्याची टोकदार सळई, ‘बॉक्सकार’ म्हणजे रेल्वेचा चौकोनी मालडबा, आणि ‘रोलिंग’ म्हणजे उंचसखल जमिनीसारखे लहरणारे. आपल्याकडील रोग्यास या प्रतिमांतून काहीच बोध होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखापुरती अनुक्रमे टोचवण, खळगवण आणि सखलवण अशी नावे योजिली आहेत. (तिसऱ्यासाठी ‘लहरी वण’ हे भाषांतर शब्दशः बरोबर ठरले असते, पण वणांना स्वभाव असतो अशी समजूत त्याने झाली असती.)

टोचवण दोन मिलिमीटरहून अरुंद असतो, पण खोल. चांभाराच्या आरीने भोक पाडावे तसा तो अंतस्त्वचेच्या तळापर्यंत निमुळता होत जातो. खळगवणाचे तोंड सुमारे दीड ते चार मिलिमीटर रुंद, कडा उभ्या आणि तळ सपाट असतो. तो उथळ किंवा खोल असू शकतो. सखलवण चार-पाच मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असून त्याच्या कडा स्पष्ट नसतात. त्वचेखाली तयार झालेले तंतुमय बंध तिला खालच्या थराशी जखडून ठेवतात व त्यामुळे पृष्ठभागावर उतार-चढ दिसतात. एकाच गालावर तिन्ही प्रकार नांदत असणे हेच नित्याचे आहे. बाजूने पडणाऱ्या प्रकाशात ते स्पष्ट दिसतात. त्वचा दोन बोटांनी हलकेच ताणल्यास सखलवण बहुधा सपाट होतात, टोचवण मात्र तसेच राहतात. निदानातील ही एक महत्त्वाची खूण आहे.

आता उपाय पाहता भेद का करावयाचा हे ध्यानात येईल. टोचवणाचा तळ इतका खोल असतो की, वरवर घासणारे, सोलणारे किंवा भाजणारे उपाय तेथवर पोहोचतच नाहीत. त्यासाठी उपाय नेमका त्या छिद्रातच करावा लागतो. कोरियातील तज्ज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्रॉस’ नावाच्या पद्धतीत ६५ ते १०० टक्के तीव्रतेचे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल टोकदार काडीने केवळ वणाच्या तळाशी टेकवितात. क्षणार्धात तो ठिपका पांढरा पडतो, पुढे खपली धरते, व भरून येताना नवे कोलॅजन तयार होऊन छिद्र उथळ व अरुंद होते. साधारणपणे चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने हा प्रयोग अनेक वेळा करावा लागतो. आम्ल कडेच्या निरोगी त्वचेवर सांडल्यास वण रुंदावतो किंवा काळा डाग राहतो. म्हणून घरी करण्याचा हा उद्योग नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे नळीसारख्या लहान पात्याने तो वणच काढून घेऊन टाका घालणे.

खोल खळगवणाच्या बाबतीत तेच पाते निराळ्या रीतीने वापरतात. तळाची त्वचा चांगली असेल तर ती चकती सुटी करून आसपासच्या पातळीपर्यंत वर उचलतात व तेथेच जुळू देतात. उथळ खळगवणांस मात्र पृष्ठभागावरील उपायांचा चांगला गुण येतो. त्वचा घासून काढण्याची पद्धती यांत सर्वांत जुनी. जर्मनीत क्रोमायर याने १९०५ साली तिचा पाया घातला व अमेरिकेत कर्टिन याने १९५३ साली फिरत्या तारेच्या ब्रशाने तिला आधुनिक रूप दिले. पुढे लेसर आले. २००४ साली पुढे आलेल्या ‘फ्रॅक्शनल’ तत्त्वाने त्यात मोठा पालट घडविला. या तत्त्वानुसार लेसर सबंध पृष्ठभाग न भाजता त्यात अतिसूक्ष्म स्तंभाकार जखमा करते व त्यांच्यामधील त्वचा अखंड ठेवते. त्या अखंड भागाच्या साहाय्याने जखमा लवकर भरतात. सूक्ष्म सुयांनी टोचण्याच्या पद्धतीतही कल्पना हीच आहे, फक्त उष्णतेऐवजी तेथे सुईची जखम असते. रेडिओलहरींची उष्णता सुईच्या टोकाशी पोहोचविणारी उपकरणेही आता वापरात आहेत.

सखलवणाचा प्रश्न पृष्ठभागाचा नसून खालच्या बंधांचा आहे. ते बंध तोडल्याशिवाय वरून कितीही लेसर केले तरी ताण कायम राहतो. यासाठी सुई त्वचेखाली आडवी सरकवून बंध कापतात. ऑरेनट्राइख पिता-पुत्रांनी १९९५ साली वर्णन केलेल्या या पद्धतीस सबसिजन म्हणतात. कापलेल्या जागी रक्त साकळते, आठवडा-दोन आठवडे चेहरा काळानिळा दिसतो, आणि पुढे तेथे नवे तंतू तयार होऊन त्वचा काहीशी वर येते. ती जागा भरून धरण्यासाठी हायलुरोनिक आम्लासारखी भरण-द्रव्ये किंवा रोग्याच्याच शरीरातील चरबी टोचण्याचीही चाल आहे. हायलुरोनिक आम्लाचा परिणाम मात्र काही महिन्यांनी ओसरतो.

किंमत आणि योग्यता यांचे प्रमाण येथे नेहमी समान असतेच असे नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदविली पाहिजे. बंध कापण्यास सुई लागते आणि टोचवणास आम्लाचा थेंब. यांपैकी कशालाही महागडे यंत्र लागत नाही. हात मात्र तयार लागतो. उलट ज्या दवाखान्यात एकच यंत्र आहे, तेथे प्रत्येक वण त्या यंत्राच्या योग्य ठरण्याचा संभव असतो.

६

तिसरा वर्ग उंच वणांचा. ते चेहऱ्यापेक्षा छाती, खांदे, पाठ आणि हनुवटीची कड येथे अधिक आढळतात. त्यांतही दोन पोटभेद आहेत. जो मूळ जखमेच्या सीमेत राहतो, तो साधा वाढलेला वण. तो कालांतराने थोडाफार बसतो. जो सीमा ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेत पसरतो, तो केलॉइड. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रेंच वैद्य आलिबेर याने खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून बनविला; बाजूंना नांग्या पसरणारा असे त्याचे रूप होते.

येथे उपायाची दिशाच उलटी होते. खोलगट वणांत कोलॅजन वाढवावयाचे असते, येथे ते कमी करावयाचे असते. म्हणून वर सांगितलेले सुया टोचण्याचे किंवा भाजण्याचे उपाय येथे हानिकारक ठरू शकतात. केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या मनुष्यास प्रत्येक नवी जखम हे नव्या केलॉइडचे निमित्त होऊ शकते. नुसते कापून काढलेले केलॉइड पुष्कळदा पूर्वीपेक्षाही मोठे होऊन परत येते. प्रचलित उपचार म्हणजे वणातच ट्रायॲम्सिनोलोन या स्टेरॉइडची सुई काही आठवड्यांच्या अंतराने देणे, सिलिकोनचे पट्टे किंवा जेल नियमितपणे लावणे, आणि शीतोपचार. ज्या स्टेरॉइडचे मलम चेहऱ्याला अपाय करते तेच उंच वणात टोचले असता उपकारक ठरते. औषधाचा गुण त्याच्या नावात नसून प्रयोगात असतो, हे यावरून दिसेल.

७

ही विद्या मुख्यतः गोऱ्या त्वचेवर विकसित झाली, हे भारतीय वाचकाने विसरता कामा नये. फिट्झपॅट्रिक याने १९७५ साली उन्हाच्या परिणामावरून त्वचेचे प्रकार ठरविले, ते प्रथम गोऱ्या त्वचेपुरतेच होते. सावळ्या व काळ्या त्वचेची भर त्यात मागाहून पडली. सहा प्रकारांच्या त्या मालिकेत भारतीयांची त्वचा बहुधा चौथ्या व पाचव्या क्रमांकात येते. अशा त्वचेत प्रत्येक दाहानंतर काळेपणा येण्याची प्रवृत्ती असते. परिणामी खळगा भरण्यासाठी केलेल्या लेसरनेच चेहऱ्यावर काळ्या चौकटी उमटण्याचा धोका संभवतो. म्हणून येथे लेसरची शक्ती व घनता कमी ठेवतात, बैठकींतील अंतर वाढवितात, उपचाराआधी व नंतर उन्हापासून कटाक्षाने संरक्षण करतात, आणि खोलवर सोलणारी तीव्र आम्ले सबंध चेहऱ्यावर लावण्याचे टाळतात. सुया टोचण्याच्या पद्धतीत हा धोका त्या मानाने कमी असल्याने ती आपल्याकडे लोकप्रिय झाली. परंतु घरच्या घरी फिरविण्यासाठी विकली जाणारी सुयांची रुळे जंतुसंसर्ग पसरवू शकतात, आणि चालू मुरुमांवर फिरविल्यास दाह सर्व गालभर नेतात.

आयसोट्रेटिनॉइन चालू असताना किंवा ते थांबविल्यावर सहा महिन्यांच्या आत वणांवर कोणतीच प्रक्रिया करू नये, असा संकेत दीर्घकाळ पाळला जात असे. २०१७ साली तज्ज्ञांनी पुराव्याचा फेरविचार करून, वरवरचे लेप व फ्रॅक्शनल लेसर यांसारख्या उपचारांस इतका विलंब लावण्यास पुरेसा आधार नाही, असा निर्वाळा दिला. त्वचा यंत्राने घासून काढणे आणि सबंध पृष्ठभाग भाजणारे लेसर यांच्या बाबतीत मात्र जुनाच सावधपणा कायम ठेवला.

८

या सर्वांचा क्रम कसा लावतात, हेही पाहू. प्रथम चालू मुरूम आटोक्यात आणणे. जुने खड्डे बुजवीत असता नवे पडत राहिले तर श्रम व्यर्थ होतात. त्यानंतर खालचे बंध तोडणे, मग एकेका टोचवणाचा व खोल खळग्याचा स्वतंत्र समाचार घेणे, आणि शेवटी सबंध पृष्ठभाग एकसारखा करणारे लेसर किंवा सुया. वर्णाची काळजी या सर्व काळात चालूच असते. नवे कोलॅजन तयार होऊन स्थिरावण्यास तीन ते सहा महिने लागतात. त्यामुळे आठ दिवसांत मिळालेला गुण हा बहुधा सुजेचा असतो.

गुण मोजण्याचे मापही लक्षणीय आहे. गुडमन व बॅरन यांनी २००६ साली दिलेल्या श्रेणीत पन्नास सेंटिमीटर अंतर प्रमाण मानले आहे. त्या अंतरावरून न दिसणारा किंवा सौंदर्यप्रसाधनाने अथवा दाढीच्या छटेने सहज झाकणारा वण सौम्य; दिसणारा पण त्वचा ताणल्यास सपाट होणारा मध्यम; ताणूनही सपाट न होणारा तीव्र. म्हणजे माप आहे ते समोर बसून बोलणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीचे. आरशाला नाक लावून पाहणाऱ्याचे किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चेहरा मोठा करून पाहणाऱ्याचे नव्हे. आपल्या वणांची तीव्रता आपण स्वतः ठरवितो तेव्हा हे अंतर बहुधा आपण पाळत नाही.

येथे पुन्हा क्रियापदाकडे यावे लागते. खोलगट व उंच वणांच्या बाबतीत प्रामाणिक क्रियापदे ‘उथळ होणे’, ‘बसणे’, ‘निवळणे’, ‘कमी होणे’ ही आहेत. ‘जाणे’, ‘नाहीसे होणे’, ‘समूळ नष्ट होणे’ ही नव्हेत. कुशल तज्ज्ञाच्या हातून, योग्य क्रमाने, वर्षभर उपचार घेऊनही वण कमी होतात. चेहरा मुरुमांपूर्वीचा होत नाही. जो दवाखाना दुसऱ्या गटातील क्रियापदे वापरतो, त्याच्याविषयी सावध राहण्यास तेवढे एकच कारण पुरेसे आहे.

९

तात्पर्य, ‘मुरुमांच्या डागांवर उपाय’ असा कोणताही एक उपाय नाही. रंगाच्या खुणेस वेळ आणि सावली, टोचवणास थेंबभर आम्ल किंवा लहान पाते, खळगवणास उचल किंवा लेसर, सखलवणास बंधमोचन, आणि उंच वणास सुई व सिलिकोन असे हे भिन्न मार्ग आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यास लावला तर तो व्यर्थ तरी जातो किंवा अपायकारक तरी होतो.

म्हणून तज्ज्ञाकडे जाणाऱ्याने मूळ प्रश्नाऐवजी चार प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते : माझ्या चेहऱ्यावरील खुणांपैकी रंगाच्या कोणत्या आणि पातळीच्या कोणत्या? पातळीच्या खुणांपैकी कोणता प्रकार अधिक आहे? सुचविलेला उपाय नेमक्या कोणत्या प्रकारासाठी आहे? आणि माझ्या वर्णाच्या त्वचेत त्यापासून काळेपणाचा धोका किती? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर पाचवा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःस विचारावयाचा असतो : हे वण मला खरोखर कमी करून घ्यावयाचे आहेत काय? वण हा रोग नव्हे. तो तसाच राहू दिल्याने प्रकृतीस धोका नाही, आणि उपचार न घेणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. परंतु वणांमुळे एखादा विद्यार्थी वर्गात मागच्या बाकावर बसू लागला, मुलाखतीस जाण्याचे टाळू लागला, तर त्याची व्यथा ‘क्षुल्लक’ म्हणून बाजूस सारण्याचा अधिकार कोणासही नाही. त्याला नीट वैद्याकडे पाठविणे हे शिक्षकाचेही काम आहे.

भाषेच्या अभ्यासकांपुढे या निमित्ताने एक छोटे कार्य उभे राहते. त्वचेवरील खुणांसाठी मराठीच्या निरनिराळ्या बोलींत कोणते शब्द आहेत, ते रंगाचा भेद दाखवितात की पातळीचा, आणि कोणते शब्द आज तरुण पिढीच्या बोलण्यातून लुप्त होत आहेत, याची पाहणी एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घ्यावी. कोकण, देश, खानदेश, वऱ्हाड आणि मराठवाडा या भागांतून प्रत्येकी काही वृद्ध व काही तरुण निवेदक घेतले तरी उपयुक्त सामग्री जमेल. अशी सूची त्वचारोग विभागातील डॉक्टरांच्या हाती गेली, तर रोग्याने सांगितलेला शब्द आणि डॉक्टरांनी ऐकलेला अर्थ यांतील अंतर काही अंशी तरी कमी होईल.